शेंडा राखलेला ऐन: एक प्रस्तावना

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे मागे पडले, भातखाचरे संपली आणि वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीचा चढ लागला, म्हणजे खांबासारखा सरळ बुंधा, बुंध्यावर गाठीमागून गाठी आणि अगदी माथ्यावर पानांचा एवढासा झुबका, अशा रूपाची ऐनाची झाडे बांधाच्या कडेने उभी दिसू लागतात. शहरातून आलेल्या मनुष्याला ते दृश्य पाहून वाईट वाटते. माणसाने या झाडांची काय दशा केली, असे उद्गार मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि फार वर्षांपूर्वी पहिल्या खेपेस माझ्याही तोंडून तेच निघाले होते. परंतु ती झाडे ज्याच्या बांधाला आहेत त्या ठाकूर शेतकऱ्याला विचारले असता तो सांगतो की, हा ऐन आज्याच्या वेळचा आहे, आज्याने त्याचे टहाळ तोडले, बापाने तोडले, आता आपण तोडतो, आणि त्याचा शेंडा मात्र तिघांपैकी एकानेही कधी तोडला नाही. तीन पिढ्या कोयता चालूनही जिवंत राहिलेले झाड विध्वंसाची खूण समजावे की जतनाची, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेला नाही. पुढील पानांत जी टिपणे, जे जाबजबाब आणि ज्या हकीकती एकत्र केल्या आहेत त्या सर्व या एका प्रश्नाचा पाठपुरावा करता करता जमलेल्या आहेत.

सृष्टीचा जो नाश आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे त्याचे मूळ मनुष्याच्या स्वभावात आहे की त्याने उभ्या केलेल्या समाजव्यवस्थेत आहे, हा वाद जुना आहे. तो बहुधा अंतराळात घातला जातो. एक पक्ष म्हणतो की लोभ ही मनुष्याची प्रकृतीच आहे, संधी मिळाली की तो ओरबाडणारच. दुसरा पक्ष म्हणतो की मनुष्य मूळचा निष्पाप, बाजाराने आणि राज्यसत्तेने त्याला बिघडविले. दोन्ही पक्षांजवळ भूमंडळावरील हवी तेवढी उदाहरणे असतात, म्हणून त्यांपैकी कोणीही कधी हरत नाही. मला असे वाटू लागले की हा प्रश्न एखाद्या लहानशा मुलखात, तिथल्या झाडांच्या, पाण्याच्या आणि माणसांच्या हिशेबाने तपासून पाहावा. त्यासाठी शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके मी निवडले, याचे कारण एवढेच की त्यांच्याशी माझा परिचय आहे आणि त्यांच्यावर मला माया आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. एकीकडे माहुलीचा डोंगर, दुसरीकडे सिद्धगड, गोरखगड आणि नाणेघाटाचा कडा, मधून तानसा, भातसा, शाई आणि काळू या नद्या, आणि त्यांच्या खोऱ्यांतून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, आगरी आणि कुणबी यांची गावे व पाडे, असा हा प्रदेश आहे.

या गावांत भाताच्या रोपासाठी जो राब करतात तो म्हणजे काय, हे ज्या वाचकाने प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्याच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या वादाचे सारे धागे त्या एका कृतीत गुंतलेले आहेत. पौष-माघात, भाताची झोडणी उरकली म्हणजे, शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून ऐनावर चढतो आणि खालून वर फांद्या छाटीत जातो. शेंड्याजवळ आला की थांबतो, कारण शेंडा गेला तर झाड वाढत नाही आणि झाड वाढले नाही तर तीन वर्षांनी टहाळ कशाचे तोडायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोडलेले टहाळ वाळवून, भारे बांधून, बायका ते डोक्यावरून रोपाच्या जागेवर आणतात. मग त्या जागेवर प्रथम शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि वर हाताने पसरलेली बारीक मातीची पांघरी अशी रचना होते. चैत्र-वैशाखात, वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने तिला विस्तव लावतात, म्हणजे आग धावत नाही, धुमसत धुमसत पुढे सरकते आणि खालची माती हळूहळू, खोलवर भाजून निघते. एका उन्हाळ्यात धसई गावाच्या बाजूस मी हे सबंध पाहिले. राब लावणारी बाई ओल्या पाल्याची डहाळी हातात धरून कडेने वाकून चालत होती, आणि जिथे ज्वाळा जरा उंच झाली तिथे ती डहाळी अशा हलक्या हाताने आपटीत होती की ज्वाळा बसावी, पण विस्तव विझू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या काळ्या मातीत बोटे घालून ती चुरून पाहिली आणि मान हलविली. पहिल्या पावसात त्या मातीत भाताचे बी पडते. तणाचे बी भाजून गेलेले असल्यामुळे रोप मोकळे आणि जोमाने येते, आणि आषाढात मुठी उपटून आवणीला नेल्या जातात. खाचराला वरकस हवे आणि वरकसाला रान हवे, अशी ही जोडलेली शेती आहे.

इंग्रज सरकारचा वनांविषयीचा पहिला कायदा १८६५ सालचा आणि अधिक कडक असा दुसरा १८७८ सालचा. त्या दुसऱ्या कायद्यान्वये ठाणे जिल्ह्याच्या रानाचा फार मोठा भाग राखीव किंवा संरक्षित म्हणून दप्तरात नोंदला गेला, आणि काल जी वहिवाट होती ती आज सवलत झाली, उद्या गुन्हा झाली. सरकारी लेखणीने राबाची गणना रयतेच्या उधळ्या सवयींत केली: ही माणसे अज्ञ आहेत, पुढचा विचार करणे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून रान त्यांच्यापासून वाचविले पाहिजे. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला आणि राबाचा प्रश्न त्याच्यापुढील मुख्य प्रश्नांपैकी एक होता. शेतीच्या सुधारणेचा अभ्यास करण्यासाठी विलायतेहून आलेले डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाचा विचार केला आणि प्रयोगांत राबाचे रोप सरस ठरते हे मान्य केले. पुढे १९१२ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यात, राखेच्या खतापेक्षाही माती तापण्याचा गुण मोठा आहे, असे दाखविले. धसईच्या बाईने दोन बोटांनी जे तपासले तेच रसायनशाळेत सिद्ध व्हायला सरकारी शास्त्राला इतकी वर्षे लागली, आणि तोपर्यंत तिच्या आजीला दंड भरावा लागत होता.

याच दशकांत रानाचे लाकूड खरोखर कुठे जात होते, तेही पाहिले पाहिजे. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८५५ साली लोहमार्ग वाशिंदपर्यंत आला, १८६१ साली कसाऱ्यास पोहोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून गेला. म्हणजे वनांचा पहिला कायदा आणि घाटातली पहिली गाडी यांचे साल एकच आहे. लोहमार्गाला लाकूड लागत होते, वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, जळण आणि कोळसा लागत होता. रान राखीव झाले ते तोड थांबविण्यासाठी नव्हे, तोडीचा महसूल एका हाती यावा यासाठी, असा निष्कर्ष त्या काळच्या कारभाराकडे पाहून मला अटळ वाटतो. कूप, म्हणजे तोडीसाठी रानाचे तुकडे, आखले गेले, त्यांचे लिलाव झाले, ठेकेदार आले. खैराचा कात काढून ज्यांनी आपल्या जमातीला नाव मिळविले ते कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर मजूर झाले. पावसाळ्यात पोटाला घातलेल्या खावटीच्या बदल्यात आणि लग्नाच्या खर्चाच्या बदल्यात माणसे वर्षानुवर्षे बांधली गेली. 'लग्नगडी' हा शब्द याच जिल्ह्याच्या तोंडी रुळलेला आहे. सनदी नोकर सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात सावकार, जमीनदार आणि जंगलठेकेदार यांच्या या पिळवणुकीची नोंद केली. जानेवारी १९४५ मध्ये या तालुक्यांना लागूनच असलेल्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली आणि तिथून परतलेल्या वारल्यांनी डहाणू-उंबरगावकडे वेठीविरुद्ध लढा उभारला; ती हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितलेली असल्यामुळे इथे तिची पुनरुक्ती करीत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, मजुराच्या हातात काही अधिक पैसा पडला, ही गोष्ट चांगली झाली. रानाच्या दृष्टीने मात्र कूप तो कूपच राहिला.

शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या कडेच्या एका पाड्यावर, ज्याने तरुणपणी राबही केला होता आणि कूपातही काम केले होते अशा एका वृद्धाला मी विचारले की बाबा, घरच्या बांधावरच्या ऐनाचा शेंडा तुम्ही राखलात आणि कूपात झाडे मुळापासून लोळविलीत, हे कसे? त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, "ऐन माझा व्हता तवा शेंडा ठेवला. कूप शेटचा व्हता, तिथं शेंडा कुनासाठी ठेवायचा?" या वाक्यापाशी मी फार दिवस थांबलो आहे. माणूस तोच, कोयता तोच, झाडही तेच. स्वभावात काही बदल व्हावा इतका काळही मध्ये गेला नव्हता, कारण मार्गशीर्षात तो कूपात होता आणि पौषात आपल्या वरकसात. बदलला होता तो झाडाशी त्याचा संबंध, आणि तो संबंध त्याने ठरविलेला नव्हता.

तरीही मी मनुष्यस्वभावाला निर्दोष सोडू इच्छीत नाही, आणि या संग्रहाचा कोणी तसा उपयोग करील तर मला खेद होईल. मालकीच्या रानातील साग ज्यांनी ठेकेदाराला विकला त्यांत स्वतःच्या जमिनीचे धनी असलेले, कोणाच्याही वेठीत नसलेले खातेदार होते. १९७५ साली खाजगी वने सरकारजमा करण्याचा कायदा झाला, त्याआधी रान राखण्यासाठी त्यांना कोणाची आडकाठी नव्हती, आणि तरी त्यांनी ते राखले नाही. आज मुरबाड तालुक्यात डोंगराची सोंड पोखरून मुरूम उचलला जातो, तेव्हा सातबारावर बहुधा स्थानिक माणसाचेच नाव असते. लोभ आहे, तो ठाकुराला आहे, आगऱ्याला आहे, मला आहे. माझे म्हणणे इतकेच की लोभ सर्वांना सारखा असूनही एका रानात शेंडा राहतो आणि दुसऱ्यात राहत नाही, तेव्हा त्या फरकाचे कारण लोभात सापडणार नाही. सर्वत्र सारखे असलेले कारण भेदाचा उलगडा करू शकत नाही, हा तर्कशास्त्राचा अगदी प्राथमिक नियम आहे.

अमेरिकेत १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा जो दृष्टांत मांडला, तो जगभर विद्वानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मनात घर करून बसला: कुरण सर्वांचे असले की प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच नष्ट होते. हा दृष्टांत वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते की त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे गावकी बसते. मोहाची फुले कोणी कुठे वेचायची, गायरानात गुरे कधी सोडायची, देवराईतले वाळके लाकूडसुद्धा का उचलायचे नाही, हे ठरते, आणि मोडणाऱ्याला दंड होतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील अशा अनेक व्यवस्था तपासून १९९० साली आपला ग्रंथ लिहिला आणि २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास त्याच्याही कितीतरी आधी केला होता. पण गावकीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. या गावकीत कातकऱ्याला बसायला जागा नव्हती. त्याच्याजवळ खाचर नव्हते, वरकस नव्हते, आणि म्हणून रान राखण्याच्या नियमांत त्याचा वाटा दंड भरण्यापुरता होता. कोळशाच्या भट्टीकडे तो गेला, त्याची वाट या जुन्या, पुष्कळांना आज सुंदर वाटणाऱ्या व्यवस्थेनेही थोडीफार मोकळी करून दिली होती.

एक आक्षेप मला दुर्लक्षून चालणार नाही. कोणी म्हणेल की भांडवलदारी व्यवस्थेने रान खाल्ले हे मान्य, परंतु जिथे खाजगी मालकीच नष्ट केली त्या सोव्हिएत राज्यात कापसाच्या शेतीसाठी नद्या वळवून अरल समुद्र आटविला गेला. मग व्यवस्था बदलूनही नाश तोच असेल तर मूळ मनुष्यातच नाही काय? या आक्षेपाने मला पुष्कळ विचार करायला लावला. आता मला असे दिसते की ज्या दोन व्यवस्थांना आपण परस्परविरुद्ध समजतो त्यांच्यात एक गोष्ट समान होती: नदीचे काय करायचे हे ठरविणारा मनुष्य त्या नदीच्या काठी राहत नव्हता. मॉस्कोतील कचेरीला अरलच्या कोळ्याचे जाळे दिसत नव्हते. हाच धागा धरून शहापूरकडे परत यावे लागते.

शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईसाठी तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ साली, त्यानंतर भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे आहे. ज्या तालुक्यातून हे पाणी जाते त्याच तालुक्यात, दरवर्षी फाल्गुन संपता संपता, टँकरच्या मागणीचे अर्ज तहसील कचेरीत येऊ लागतात. कसाऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्याखालच्या ओहळात मी वैशाखात सकाळी गेलो होतो. तिथे वाळूत हातभर खोल खणलेला झिरा होता. एक मुलगी त्याच्या काठावर उकिडवी बसून वाटीने पाणी काढीत होती, आणि दहाबारा वाट्या झाल्या की पाणी पुन्हा झिरपून येईपर्यंत वाटी गुडघ्यावर उपडी ठेवून वाट पाहत होती. हंडा भरायला पाऊण तास लागला. मुंबईकराच्या पाणी वापरण्याला मनुष्यस्वभावाचा दोष म्हटलेले मी आजवर कोणत्याही सरकारी कागदात वाचलेले नाही. तिथे शब्द येतात ते गरज, मागणी आणि विकास हे. स्वभाव हा शब्द दप्तरात उमटतो तो राब करणाऱ्यासाठी, मोळी विकणाऱ्या बाईसाठी, अतिक्रमण करणाऱ्या कातकऱ्यासाठी, म्हणजे ज्याला त्या कागदावर उत्तर लिहिता येत नाही अशा प्रत्येकासाठी. या संग्रहातून मला जे सांगायचे आहे ते हेच आहे. नाशाचे खापर स्वभावावर फोडणे ही नुसती तात्त्विक चूक नव्हे, ती कारभाराची एक पद्धत आहे. दीडशे वर्षे ती चालली आहे, आणि तिच्यामुळे ठरविणारा नेहमी चौकशीच्या बाहेर राहिला आहे.

मुरबाडच्या काळू नदीची हकीकत पुढे स्वतंत्रपणे दिली आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी या नदीवर धरणाचे काम २०११ साली वनजमिनीसंबंधीची मंजुरी मिळण्यापूर्वीच सुरू झाले. त्यात जवळजवळ एक हजार हेक्टर वनजमीन बुडणार होती, आणि श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर २०१२ साली ते थांबले. त्या वनजमिनीत त्या गावांचे राब होते, मोह होते, देव होते. तिथे एखाद्याने एक वासा तोडला तर पंचनामा होतो, आणि यंत्रांनी झाडे लोळविली तेव्हा ते थांबविण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. पाण्यामागून आता रस्ता आला आहे: समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जमिनीचे जे व्यवहार चालू आहेत त्यांविषयी निवाडा देण्याची वेळ अजून आलेली नाही असे मला वाटते. फक्त खरेदीखतांवरच्या पत्त्यांकडे वाचकाने लक्ष ठेवावे.

संग्रहाच्या रचनेविषयी थोडे सांगून थांबतो. पहिल्या भागात राब, वरकस आणि एकसाली, म्हणजे वर्षावर्षाच्या कराराने कसायला दिलेल्या, जमिनींसंबंधीची कैफियत आहे, दुसऱ्यात कूप आणि भट्टीची, तिसऱ्यात पाण्याची. जाबजबाब शक्यतो बोलणाऱ्याच्याच भाषेत ठेवले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये ज्यांना दावे मंजूर होऊन कागद मिळाले त्यांची, आणि ज्यांचे दावे अजून कचेरीत पडून आहेत त्यांचीही बोलणी त्यात आहेत. ज्यांनी वेळ काढून सांगितले, घरात जेवू घातले, रानात हिंडविले, त्या सर्वांची नावे आभारपूर्वक या ठिकाणी छापावी अशी माझी इच्छा होती आणि त्याप्रमाणे यादीही तयार केली होती. छपाईपूर्वी मी ती घेऊन पाड्यापाड्यावर गेलो. कूपाविषयी बोललेल्यांनी नावे ठेवायला हरकत घेतली नाही, पाण्याविषयी बोललेल्या बायकांनी तर आपली पुरी नावे, माहेरच्या गावासकट, लिहून घ्यायला लावली. राबाविषयी बोललेल्या एकूण एक माणसांनी मात्र नाव गाळायला सांगितले. शेंडा राखून टहाळ कसे तोडावे हे ज्याने मला झाडावर चढून दाखविले होते, त्याने यादीवरून बोट फिरविले, आपले नाव कुठे आहे ते मला विचारले आणि समोर बसून ते माझ्याकडून खोडून घेतले; बांध त्याचा आहे, पण तो ऐन ज्या गटात उभा आहे तो गट दप्तरात अजून राखीव आहे.